एका दिवसापुरती रिकामी केलेली खोली

हर्सूलच्या आमच्या भाड्याच्या खोलीला एक रिवाज होता. अकरा महिन्यांचा करार संपला की सगळं सामान अंगणात काढायचं, किल्ली घरमालकिणीच्या हातात द्यायची, रात्र तिच्या ओसरीवर काढायची आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद करून परत आत जायचं. भाडेकरू सलग राहिला की घरच बळकावतो, अशी अख्ख्या गल्लीची समजूत. मी सिल्लोडची, बी.एड.ला. माझ्यासोबत राहणारी मैत्रीण पैठणची, नर्सिंगला. मालकीणबाईंना आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. पहिल्या वर्षी आम्ही हसत हसत गाद्या उचलल्या, खालांनी वर जेवूही घातलं.

पुढच्या खेपेला हा दिवस नेमका मैत्रिणीच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर आला. तिनं सवयीनं किल्ली दिली. सकाळी बघतो तर दाराला नवंच कुलूप. खालांचा मुलगा म्हणाला, "खोली दुसऱ्याला दिली. तुमचा करार काल संपला."

माझं डोकंच फिरलं. "मग परीक्षेचा अभ्यास काय हिनं झाडाखाली बसून करायचा?"

तशीच तरातरा कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलाकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "किल्ली आपणहून दिली? सामान बी तुम्हीच काढलं? लई घाई केली, पोरी. तुम्ही आत असता तर करार संपला तरी त्याला असं परस्पर कुलूप लावता आलं नसतं. कायद्यानंच काढावं लागलं असतं. आधी नवा कागद करायचा, तोवर जागा सोडायची नाय." मला रडूच आलं. इतकं साधं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

परत आले तर अंगण मोकळं. सामान कुठं गेलं म्हणून आत धावले. मैत्रीण खालांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर पुस्तक उघडून बसलेली, सामान कोपऱ्यात रचलेलं. मुलगा दारात उभा राहून कुरकुरत होता, "अम्मी, ह्या हलल्याच नाहीत तर?"

"काल भाडेकरू व्हत्या. आज माझ्या पाहुण्या हायत. परीक्षा झाल्याबिगर जायच्या नायत."

"घर माझ्या नावावर हाय, अम्मी."

खाला आमच्यासाठी चहा टाकायला उठल्या.

त्यांच्या खोलीतूनच मैत्रिणीनं सगळे पेपर दिले. खाला जीव लावायच्या, पेपरला निघताना तिच्या हातावर साखर ठेवायच्या. निघायच्या दिवशी आमची गाठोडी बांधू लागता लागता त्यांनी विचारलं, "तो वकील काय म्हणला गं?" मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. मग बाहेर मुलगा नाही ना, ते बघून हळूच म्हणाल्या, "बेटी, आई पोराच्या घरात राहती. तिचा बी असा कागद व्हतो का? अकरा महिन्यांचा का हुईना."