आईने मला न सांगितलेला पासवर्ड

अंधेरीच्या ऑफिसात माझं कामच ते. नव्या माणसांना समोर बसवायचं आणि पासवर्ड कसा असावा यावर तासभर त्यांचं डोकं खायचं. जन्मतारीख नको, मुलांची नावं नकोत, एकच पासवर्ड दहा ठिकाणी नको, भिंतीवर लिहून तर मुळीच नको. आणि घरी मी काय केलं? जोगेश्वरीला, आईच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, तिच्या मसाल्याच्या पेजचा पासवर्ड जाड मार्करने लिहून ठेवला. "विसरशील गं तू," असं वर म्हणालेही. शहाणपणा तरी किती!

आई मालवणी मसाला करून विकते. बाबा गेल्यावर तिने हे सुरू केलं, आणि ऑर्डरी सगळ्या त्या पेजवरूनच येतात. सहा वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकं, त्यांनी लिहिलेली कौतुकं, सगळं तिथे. पेज गेलं तर तिचा धंदा गेला, इतकं साधं होतं.

गणपतीत मखराचा फोटो मीच काढला, पेजवर मीच टाकला. मागे कॅलेंडर, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजला नाव भलतंच, आणि आईच्या फोनवर ते उघडेना. वाट लागली! तिचा नंबर पेजला अजून जोडलेला होता, म्हणून तीन दिवसांच्या खटपटीनंतर ते परत मिळालं. कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या तीन दिवसांत आई माझ्यावर एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी नवा पासवर्ड ठरवायला बसले, तर तिने माझ्या हातून फोनच काढून घेतला.

"तूच लिवलंस, तूच फोटो टाकलंस. आता मी करतलंय. कसो करूचो ता फक्त सांग."

मी मुकाट्याने सांगितलं. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घे, घरातले नकोत, मसाल्यातले नकोत, आणि सलग लिही. ती मिरच्या भाजत राहिली. ठसक्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय, आणि ही आपली पुटपुटतेय. मग गॅस बंद केला, हात पुसले आणि एका बोटाने टाइप केलं. मी ठिपके मोजले. बत्तीस! आमच्या साहेबांचाही एवढा लांब नसेल. पुन्हा टाकायला लावला, एक चूक नाही. ईमेलला वेगळा, तोही तिचाच. झकास!

पण मनात धाकधूक. विसरली तर? "मला तरी सांगून ठेव ना," म्हटलं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं. खोटं कशाला बोलू, राग आला मला.

परवा आम्ही दोघी पाकिटं भरत होतो, तेव्हा तिला फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. कोणी माणूस, अगदी गोड हिंदीत. तुमचं पेज संध्याकाळी कायमचं बंद होणार, वाचवायचं असेल तर पासवर्ड सांगा. आईचा चेहरा खर्रकन उतरला. मी फोनकडे हात नेला, तर तिने तो बाजूला सारला आणि सरळ मालवणीवर आली.

"पोटच्या चेडवाक सांगूक नाय, तुका सांगतलंय? ठेव फोन!"

कोणालाही सांगू नका, हे मी रोज शिकवते. त्या 'कोणाला'मध्ये मीही येते, हे फक्त माझ्या आईला कळलं.