नंदामावशीचं स्लरीचं लायसन

नंदामावशीला हॉस्पिटलनं काढून टाकलं, नवऱ्यानं बोलणं टाकलं, आणि आता ती कुठल्याशा वेल्श शेतकऱ्याकडे शेणाच्या पाट्या उचलते, अशी बातमी २००८ च्या संक्रांतीला आमच्या कार्डिफच्या मंडळात फिरत होती. अरुणाकाकूंनी ती आईला सांगितली तेव्हा मी शेजारीच तिळाची वडी चघळत उभी होते. वाईट बातमी सांगायची असली की अरुणाकाकू आधी डोळे मिटतात, मग एक हात छातीवर ठेवतात, मग 'मला काय करायचंय म्हणा' म्हणतात आणि मग सगळं सांगतात. घरी जाताना गाडीत मी हे सगळं आईला करून दाखवलं. आई आधी पोट धरून हसली आणि नंतर म्हणाली की मोठ्यांची टिंगल करू नये. आमच्याकडे हा क्रम ठरलेला आहे.

आता खरं काय ते ऐका. मावशीला कुणीही काढलेलं नव्हतं. नोकरी तिनंच सोडली आणि डिपार्टमेंटनं केक आणून निरोप दिला. केक लेमन ड्रिझल होता, मी खाल्लाय. नवरा बोलत नाही हे तर होणंच शक्य नाही, कारण विनयकाका झोपेतसुद्धा बोलतात. आणि पाट्या हल्ली कोण उचलतं? मावशी ट्रॅक्टर चालवत होती. ट्रॅक्टरमागे हिरवा, पोटफुगा टँकर, आणि टँकरात स्लरी. स्लरी म्हणजे गोठ्यातलं शेण, गोमूत्र आणि धुण्याचं पाणी एकत्र होऊन झालेलं पिठलं. पिठलं हा शब्द मावशीचा. त्यानंतर बरेच दिवस मी पिठल्याला हात लावला नव्हता.

हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. कुणी नाक मुरडलं की ती शांतपणे सांगायची, "अगं, काम तेच आहे. तिकडे माणसांचं होतं, छोट्या डबीत, वर नाव लिहिलेलं. इकडे गाईंचं आहे, आणि नाव लिहायची कटकट नाही." हे ती इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणते, की समोरच्याला हसावं की सॉरी म्हणावं कळत नाही. हा चेहरा मला अजून जमलेला नाही. प्रयत्न चालू आहेत.

मावशी शेतकऱ्याची मुलगी वगैरे असेल असं वाटत असेल तर तेही चूक. ती ठाण्याची, चौथ्या मजल्यावरची. गाय तिनं पाहिली होती ती देवळाबाहेर, चारा विकणाऱ्या बाईच्या शेजारी बांधलेली. लग्नानंतर दोघं इकडे आली आणि काउब्रिजच्या पुढे एका खेड्यात राहिली, कारण काकांना शांतता हवी होती. (काकांना.) तिथून कामावर जायचा रस्ता म्हणजे एका गाडीपुरती गल्ली आणि दोन्ही बाजूंना गाडीहून उंच झुडपांच्या भिंती. मावशी वर्षानुवर्षं त्यातून नळातल्या पाण्यासारखी यायची आणि जायची.

एका सकाळी शेजारच्या मिस्टर बोवेनचा ट्रॅक्टर त्या गल्लीत आडवा उभा होता. मिस्टर बोवेनचं मनगट प्लास्टरमध्ये, गिअर पडत नव्हता, आणि मावशीला ड्यूटीची घाई. मी हलवू का, असं तिनं विचारलं. मिस्टर बोवेन कशालाही नाही म्हणत नाहीत, ते फक्त 'नाऊ इन अ मिनिट' म्हणतात, म्हणजे केव्हा ते देवाला माहीत. त्यांचं मिनिट संपायच्या आत मावशी वर चढली होती. आणि सीटवर बसल्यावर तिला झुडपांच्या वरून दिसलं. शेतं, मेंढ्या, कुणाची तरी वाळत घातलेली अंतर्वस्त्रं, आणि पार टोकाला चकाकणारा समुद्र. समुद्र तिथे आहे हे तिला नकाशावरून माहीत होतं. इतकी वर्षं रोज त्याच्या बाजूनं गेले आणि एकदाही पाहिला नाही, हे ती मला सांगते तेव्हा अजूनही तिचा आवाज वर जातो. त्या दिवशी ती कामावर उशिरा पोचली. पुढे शनिवार-रविवार बोवेनकडे, मग लॅबमध्ये अर्धवेळ, आणि मग तो केक.

मिस्टर बोवेन आसपासच्या शेतांवर स्लरी पसरवून द्यायचे. त्यांचे गुडघे संपले होते. त्यांनी मावशीला सांगितलं की टँकर घे, माझी सगळी गिऱ्हाइकं घे, पण इन्शुरन्सवाले सर्टिफिकेटशिवाय तुला रस्त्यावर येऊ देणार नाहीत. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो. परीक्षा एकदा फेब्रुवारीत, शाळेच्या हाफ-टर्म सुट्टीच्या आठवड्यात, आणि पुढची थेट मे महिन्यात. शेतकरी मेपर्यंत थांबणार नव्हते, कारण त्यांचे स्लरीचे खड्डे काठोकाठ भरले होते. ब्रिजेंडकडचा एक मोठा कॉन्ट्रॅक्टर आधीच फोन करून त्यांना काम विचारत होता. म्हणजे ही परीक्षा गेली की गिऱ्हाइकं गेली, आणि मावशी परत नळात.

अभ्यास मी घेतला. नियम खूप होते आणि मावशीच्या डोक्यात आकडे राहत नव्हते, म्हणून मी प्रत्येक नियमाला एक आवाज दिला. विहिरीपासून पन्नास मीटर लांब राहायचं, हे अरुणाकाकूंच्या आवाजात, छातीवर हात ठेवून. गोठलेल्या जमिनीवर पसरायचं नाही, हे मंडळाच्या अध्यक्षांच्या आवाजात, माइक ठोकत. ओढ्यापासून दहा मीटर आणि पाणी साचलेल्या जमिनीवर अजिबात नाही, हे गाडीत रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवमधल्या बाईच्या आवाजात: जमेल तिथे यू-टर्न घ्या. उतारावर अर्धा भरलेला टँकर आतल्या आत हिंदकळतो आणि ट्रॅक्टरला ओढून नेऊ शकतो, तेवढं मात्र मावशीनं स्वतःच मोठ्यानं वाचलं. त्या वेळी काका भांडी पुसत होते. ते एकदम गप्प झाले. मला वाटलं ताट फुटलं.

परीक्षा मिस्टर बोवेनच्याच अंगणात, त्यांच्याच टँकरवर होती. हाफ-टर्म असल्यामुळे काकांबरोबर मीही गेले. परीक्षक मिस्टर ट्रेहर्न, म्हणजे उंच माणूस, लहान डोकं, आणि प्रत्येक वाक्याआधी 'राइट देन', जसं काही आधीचं सगळं आयुष्य आता मिटलं. त्यांनी आम्हाला आत पाठवलं आणि यंत्रात मुद्दाम काही खोड्या करून ठेवल्या. एखादी पिन काढायची, एखादा नट सैल करायचा. परीक्षा देणाऱ्यानं यंत्राभोवती फिरून त्या शोधायच्या. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी सगळ्यांना बजावलं की आता यंत्राला कुणीही हात लावायचा नाही, आणि ते चहा घ्यायला बसले.

काका तेव्हा स्वयंपाकघरात नव्हते.

चहा झाल्यावर आम्ही सगळे बाहेर आलो. मावशीनं फिरायला सुरुवात केली. फिरत्या दांड्यावरचं कव्हर सुटलंय, सांगितलं. मागचा दिवा चिखलानं झाकलाय, सांगितलं. पुढच्या चाकाचा नट सैल आहे, सांगितलं. मिस्टर ट्रेहर्न प्रत्येकाला मान हलवत होते आणि मी मनातल्या मनात नाचत होते. मग ती मागच्या चाकाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

चाकाखाली लिंबू होतं.

दुसऱ्या चाकाखाली दुसरं. ट्रॅक्टरच्या चाकांखाली आणखी दोन. आपल्याकडे नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबं ठेवतात आणि ती चिरडून गाडी पुढे काढतात, हे मला मिल्टन कीन्सच्या निवेदिताताईच्या निसानमुळे माहीत होतं. मावशीनं मान वर करून फाटकाकडे पाहिलं. फाटकापाशी काका हात पाठीमागे बांधून ढगांचा अभ्यास करत होते. हेच काका दर गणपतीत आम्हा मुलांना गोळा करून अंधश्रद्धेवर लेक्चर देतात.

"विनय, ही तुझी?"

"राहू दे गं," काका ढगांनाच म्हणाले. "वरून ने फक्त."

वरून नेलं तर कुणाला कळलंही नसतं. पण चाकाखाली काही नाही ना, हे पाहणं हाच तर त्या फेरीचा अर्थ. तिनं चारही लिंबं काढली, पिवळ्या हाय-व्हिज जाकिटाच्या खिशात घातली आणि मिस्टर ट्रेहर्नना सांगितलं की चाकांखाली चार अडथळे होते, काढले.

मिस्टर ट्रेहर्ननी हातातला कागद पाहिला. मग लिंबांनी फुगलेला खिसा पाहिला. राइट देन. त्यांनी असे कुठलेच अडथळे ठेवले नव्हते. याचा अर्थ त्यांनी बजावल्यानंतर कुणीतरी यंत्रापाशी गेलं होतं. आणखी काय हलवलं असेल कुणाला ठाऊक. अशा वेळी परीक्षा रद्द करावी लागते, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. मे महिना. ब्रिजेंडचा कॉन्ट्रॅक्टर. मिस्टर बोवेन पहिल्यांदाच मिनिटाबद्दल काही बोलले नाहीत.

तेवढ्यात काका चिखलातून चालत आले. बूट ऑफिसचे, ते बिचारे बुडत होते. त्यांनी हे मीच केलं म्हणून सांगितलं, आणि लिंबं कशासाठी असतात हेही सांगितलं. तुमचा यावर विश्वास आहे का, असं मिस्टर ट्रेहर्ननी विचारलं. थट्टेनं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "पण ती त्या उतारावर जाते. टँकर आतल्या आत हिंदकळतो म्हणे. मी दिवसभर ऑफिसात बसतो आणि मला तेच ऐकू येतं. मला दुसरं काय करता येतं, सांगा."

या वाक्याची नक्कल मी कधीच केली नाही. करून बघावीशीही वाटली नाही.

मावशीनं त्यांच्या कोटाच्या बाहीवरचा चिखल झटकला, जो झटकून आणखीच पसरला. मिस्टर ट्रेहर्ननी घसा साफ केला. राइट देन, परीक्षा पहिल्यापासून घेऊ. खोड्या नव्या. आणि परीक्षार्थी सोडून सगळे, विशेषतः हे गृहस्थ, स्वयंपाकघरात, दार लावून.

आत जाताना मी मावशीला हळूच म्हटलं की आता गेलं. माणूस एकदा चिडला की काहीतरी शोधून नापास करतोच, आमच्या मॅथ्सच्या सरांसारखा.

"पैज लावतेस, माकडे?"

"लावते."

"हरलीस तर टँकर धुवायचा. मागची बाजूसुद्धा."

"आणि तू हरलीस तर?"

"मग धुवायला टँकर राहणारच नाही," मावशी म्हणाली आणि ग्लव्हज चढवू लागली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून झुडपाच्या वरचं तेवढं दिसत होतं, म्हणजे केबिनचं छप्पर आणि टँकरची पाठ. काका खिडकीला नाक लावून उभे होते आणि विलक्षण गोष्ट म्हणजे काहीही बोलत नव्हते. छप्पर बराच वेळ हललं नाही. मग हललं. ते शेतात शिरलं आणि मागून स्लरीचा तपकिरी पंखा उघडला, रुंद, सारखा, दोन्हीकडे नेमका. मिस्टर बोवेन पुटपुटले, "टायडी." कार्डिफकडे याहून मोठी पदवी नाही. छप्पर उतारावर गेलं, आणि काकांनी माझा खांदा इतका दाबला की अजून दुखतो. मग पंखा बंद झाला. छप्पर थांबलं. बराच वेळ थांबलं. आणि सावकाश वळून परत यायला लागलं.

टँकर अजून अर्धा भरलेला होता, इंजिनाच्या जड आवाजावरून मिस्टर बोवेनना कळलं. काम अर्धं सोडून आलीय, ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. गुडघ्यांमुळे असेल, पण तसं वाटलं नाही. पैज जिंकल्याचं मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

मिस्टर ट्रेहर्न आधी आत आले. टोपी काढली, चहा मागितला, दोन चमचे साखर. ओढ्याजवळचा खालचा तुकडा ओला होता, त्यांनी सांगितलं. "तिनं खाली उतरून टाच दाबली, खड्ड्यात पाणी भरलं. मी म्हटलं, चालू ठेवा, तळापर्यंत न्या. ती नाही म्हणाली. मी परत म्हटलं, मी परीक्षक आहे, चालू ठेवा. हे मी सगळ्यांनाच म्हणतो आणि निम्मे लोक ऐकतात. तेव्हा ती म्हणाली..."

इथे मिस्टर ट्रेहर्न थांबले. मग त्या उंच माणसानं, मान ताठ करून, बऱ्यापैकी सॅटनॅवच्या आवाजात म्हटलं, "जमेल तिथे यू-टर्न घ्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "पास आहे. दार उघडा आता, बाईंना आत येऊ द्या."

दार काकांनी उघडलं. त्यानंतर ते जे बोलायला लागले ते रात्री जेवेपर्यंत थांबले नाहीत, मिस्टर बोवेननी त्यांच्या हातात आपल्या तळघरातली बाटली दिली तरीसुद्धा. मावशी फक्त दारात उभी राहून हसत होती, हेल्मेट घातल्यासारखे केस, गालावर एक तपकिरी ठिपका. तिला सगळ्यांत आधी चहा हवा होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दाराआडचा लांब दांड्याचा ब्रश काढून माझ्या हातात दिला.

पाणी बर्फासारखं होतं आणि टँकरची मागची बाजू म्हणजे काय, हे मी इथे लिहिणार नाही. मी घासत होते, आणि मावशी वर केबिनमध्ये दार उघडं टाकून, कप हातात धरून समुद्राकडे बघत बसली होती. मी मिस्टर ट्रेहर्नचा आवाज काढून म्हटलं, राइट देन, झालं सगळं स्वच्छ.

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"खालच्या झडपेच्या मागे राहिलंय," ती म्हणाली. "बोटानं काढ."