बोहनी

फाळणीत लहानपणी सिंधमधून आलेल्या एका माणसानं पुढे अड्याळात कापडाचं दुकान टाकलं, आणि गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर ते आमचे खासदार झाले. दुकानदाराची सवय काही सुटली नाही. सकाळी पहिला आलेला माणूस बोहनीचा, त्याला ते रिकाम्या हाती पाठवत नसत. त्याच्या कामासाठी लगेच फोन लावत.

हे ठाऊक असल्यानं मी, शाळामास्तर, बदलीसाठी उजाडताच दारात हजर! माझ्या मागे चिखला गावची एक म्हातारी होती. तिच्या मुलाला नागपूरच्या दवाखान्यात खाट मिळत नव्हती.

दोघांचं ऐकून ते मला म्हणाले, "तुमी त घरचेच ना, गुरुजी! बोहनी आजीची होऊन जाऊ द्या."

खाट मिळाली. घरच्या माणसाची बदली अजून व्हायचीच आहे.

कापड मात्र मी त्यांच्या दुकानातूनच घेतो. तेही सकाळी, सगळ्यांच्या आधी जाऊन, बोहनीच्या भावात.