यादीतली सातवी ओळ

मोनव्वर खानमकडे काच दाखवायला येणाऱ्या बायका ती अंगावर पांघरलेल्या चादरीखाली लपवून आणायच्या. कुणाची अत्तरदाणी, कुणाची गुलाबपाण्याची लांब मानेची बाटली, कुणाच्या आजोबांच्या हुक्क्याचं भांडं. लपवायचं कारण साधं होतं. प्रत्येकीने सासरी कधी ना कधी ठणकावून सांगितलेलं असायचं की ही वस्तू दीडशे वर्षांची आहे, आणि आता ते खरं निघेल की नाही याची खात्री नसायची. मोनव्वर वस्तूकडे आधी बघायचीच नाही. नजर भलतीकडे ठेवून ती हातात घ्यायची, वजन तोलायची, तळावरून अंगठा फिरवायची, मग खिडकीशी जाऊन उन्हासमोर धरायची. "रशियाची आहे, तुझ्या पणजीच्या वेळची," किंवा "बाई, ही माझ्याहून लहान आहे," जे असेल ते तोंडावर. समोरची रडली तरी तिचा शब्द फिरायचा नाही.

तिच्या स्वतःच्या बैठकीतल्या कोनाड्यात दोन लाले होते, म्हणजे मेणबत्तीचे उंच पायाचे काचदिवे. पांढरी दुधी काच, कडेने सोनेरी वेल. त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. नवरोजच्या सणाआधी इस्फहानात घराघरातून भिंतीसुद्धा धुऊन निघतात, पण हे दिवे मोनव्वर एकटी, दार लावून, कोरड्या मलमलीने पुसायची. गल्लीतले लोक म्हणायचे, बापाची आठवण आहे, जीव लावून जपते. लोकांना काय, काहीही म्हणायला तोंड असतं. ती त्या दिव्यांना घाबरत होती.

तिचे वडील, उस्ताद रजबअली, फुटलेली चिनी भांडी तारेने शिवून द्यायचे. बाजारात जामे मशिदीच्या मागे त्यांची हातभर रुंदीची जागा होती. भांडी शिवता शिवता त्यांना काच कळायला लागली, आणि पुढे पुढे मोठमोठे व्यापारीसुद्धा त्यांच्याकडे भांडं घेऊन यायचे. रजबअली म्हणाले जुनं, की जुनं. या सरळपणापायी त्यांनी हयातभर शिळी नान चहात बुडवून खाल्ली, पण त्याची त्यांना घमेंड होती. गरीब माणसाला कशाची तरी घमेंड लागतेच.

मोनव्वर अठरा वर्षांची असताना गालिच्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरून त्याच्या धाकट्या मुलासाठी, नस्रोल्लासाठी, मागणी आली. एवढं मोठं घर! फक्त मुलाच्या आईने, शौकत खानमने, चहा पिता पिता सहज सांगितलं की थोरल्या सुनेने जहेजात, माहेरच्या सामानात, बोहेमियाच्या जुन्या लाल्यांची जोडी आणली होती, धाकटीने तेवढं तरी आणावं. रजबअलींनी पंधरा दिवस बाजार धुंडाळला. शेवटी ते तेहरानच्या एका कारखान्यातली नवी जोडी घेऊन आले, आणि अंगणात बसून दिव्यांचे तळ ओल्या वाळूने दगडावर घासायला लागले. जुन्या काचेच्या तळाला चरे असतात, ते आणायचे होते. पाणी ओतायला मोनव्वर होती.

"आगाजान, हे काय करताय?" तिने विचारलं.

"पाणी ओत," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

आमच्याकडे मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादी होते. खाली नवरामुलगा सही करतो, साक्षीदार सही करतात, आणि कागद मुलीच्या बापाकडे राहतो. उद्या न पटून मुलगी निघालीच, तर ती त्या यादीतलं सगळं मोजून परत नेते. रजबअलींनी यादी स्वतःच्या हाताने लिहिली. चहाचा समोवार, गालिचा, गाद्या, पितळी परात... आणि सातव्या ओळीत, "लाले, एक जोडी, जुने, बोहेमियाचे काम." साक्षीदारांनी वस्तू बघितल्याच नाहीत. रजबअलींनी लिहिलंय म्हटल्यावर बघायचं काय!

सासर वाईट होतं का? मारहाण नव्हती. पोटभर अन्न होतं. फक्त घरातल्या सगळ्या किल्ल्या शौकत खानमच्या कमरेला होत्या, साखरेच्या डब्याचीसुद्धा, आणि बाहेरच्या दाराची तर होतीच. नस्रोल्ला आईला विचारून जेवायचा आणि आईला विचारून बायकोशी बोलायचा. थोरली जाऊ तोंडाची फटकळ होती. पाच वर्षं काढली आणि एका सकाळी नवऱ्यासकट, सामानासकट तेहरानला चालती झाली. त्यानंतर किल्ल्यांचा जुडगा मोनव्वरच्या बाबतीत आणखीच घट्ट झाला.

मग मोनव्वरची आई आजारी पडली. शौकत खानम म्हणाल्या, "शुक्रवारी जा." शुक्रवार आला तेव्हा पाहुणे होते. पुढच्या शुक्रवारी आई गेलेली होती.

आईचा चाळिसावा दिवस होता त्या सकाळीच तिचा भाऊ हेदायत शिराझहून छोटा ट्रक घेऊन दारात उभा राहिला. बरोबर वडील होते. हेदायतचा आवाज चार घरं ऐकू जात होता.

"चल. चादर घे आणि चल. यादी आणलीय मी. चमच्यासकट सगळं मोजून नेणार."

"दादाश, हळू बोल."

"का हळू बोलू? आईचं तोंड बघू दिलं नाही यांनी तुला! तू इथं राहणार आहेस?"

ती राहणार नव्हती. तिने बोचकं बांधलेलं होतं, चपला घातलेल्या होत्या. नस्रोल्ला खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात शौकत खानम पुढे आल्या. आवाज अगदी मऊ, तोंडावर हसू.

"न्या की. आम्ही कुणाला बांधून ठेवलंय? पण नंतर बोलणं नको, बाबा. जुल्फा मोहल्ल्यातल्या वारतानला बोलावते. काचेतलं त्याला सगळं कळतं. यादीप्रमाणे एकेक वस्तू तो बघेल, आमच्याकडून काही बदललं-बिदललं नाही ना, तेवढं तोंडाने सांगेल, आणि तुम्ही सुखाने जा."

"बोलवा! आत्ता बोलवा!" हेदायत म्हणाला. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

मोनव्वरने वडिलांकडे बघितलं. महिन्याभरात ते निम्मे झाले होते. त्यांनी उंबऱ्याची चौकट धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. वारतान काय करणार हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. तो दिवा उन्हात धरेल. खऱ्या जुन्या दुधी काचेला उन्हात कडेने निखाऱ्यासारखी लाली येते, हिला येणार नाही. मग ओला अंगठा सोनेरी वेलीवर फिरवेल आणि अंगठा पिवळा होईल. मग तो विचारेल, हे रजबअलींनी लिहिलं? आणि दुपारपर्यंत सगळा बाजार हेच विचारत असेल. भांडी शिवणाऱ्याकडे मग कोण येणार होतं? त्यांच्याकडे दुसरं होतंच काय?

"मला नाही यायचं," ती म्हणाली.

"काय?"

"माझं घर आहे हे. तू जा, दादाश."

हेदायतने आधी तिच्याकडे, मग किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघितलं. "मग कुज इथंच," म्हणाला, आणि ट्रक इतक्या जोरात मागे घेतला की भिंतीचा कोपरा गेला. तो पुढे अकरा वर्षं तिच्याशी बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हा इराकशी युद्ध चालू होतं, तिचं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. वडील मात्र निघताना दारातून वळले आणि त्यांनी तिचा हात आपल्या डोळ्यांना लावला. बापाने मुलीचा हात डोळ्यांना लावायचा नसतो. ती त्या दिवशी एकदाच रडली.

वडील पुढे नऊ वर्षं जगले आणि बाजारभर मान ठेवून गेले. मोनव्वरला वाटलं होतं, ते गेल्यावर आपण सुटू. तसं झालं नाही. मेलेल्या माणसाचं नाव तर जास्तच जपावं लागतं, कारण त्याला उठून काही बोलता येत नाही. तोवर मुलगी झाली होती, नाहीद, आणि नस्रोल्लाला साखरेचा आजार लागला होता. याच काळात बायका चादरीखाली काच घेऊन यायला लागल्या. शौकत खानमने त्यांना येऊ दिलं. सून बाहेर गेली नाही म्हणजे झालं. चरे कसे असतात, शिवण कशी दिसते, सोनं कसं उडतं, हे मोनव्वरला जितकं कळायचं तितकं इस्फहानात कुणाला कळत नसेल. तिने रोज खोटेपणा समोर ठेवून अभ्यास केला होता. कुणी खुशीने केला असता तर त्याला लोक विद्वान म्हणाले असते.

नाहीदचं लग्न ठरलं ते एका शाळामास्तरशी. शौकत खानम आता नव्वदीच्या घरात होत्या, पाय गेले होते, पण जीभ होती. त्यांनी गादीवरून हुकूम सोडला, "लाले नाहीदच्या जहेजात द्यायचे. बोहेमियाचे आहेत. यादीत नीट लिहा." यादी करायला मुलाची आत्या आली. मोठी बोलकी बाई. गझ मिठाईचा तुकडा गालात धरून म्हणाली, "मोनव्वर खानम, लेखणी तुम्हीच धरा. काचेच्या बाबतीत तुमचा शब्द म्हणजे शिक्का."

मोनव्वर लिहीत गेली. शिवणयंत्र, फ्रीज, दोन गालिचे. मग दिव्यांपाशी आली आणि लेखणी थांबली. शेजारच्या खोलीत नाहीद कुणाशी तरी फोनवर खिदळत होती. आज 'जुने' लिहिलं, तर उद्या त्या पोरीच्या दारातही कुणीतरी मऊ आवाजात वारतानला बोलावील. मोनव्वरने लेखणीचं टोक पुन्हा कागदावर टेकवलं. तिने लिहिलं, "लाले, एक जोडी, नवे, तेहरानचे, सोनं वरून लावलेलं."

आत्याने वाचलं, चष्मा वर केला. "चेष्टा करताय का, खानम?"

"काचेची चेष्टा मी करत नाही."

"अहो, पण हे तर तुमच्या वडिलांनी..."

"माझ्या वडिलांनी खोटं लिहिलं होतं," मोनव्वर म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा ते शब्द बाहेर आले, आणि आता छप्पर कोसळणार म्हणून ती आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

आत्याने गझ गिळला. चहाचा घोट घेतला. "असू दे हो," ती म्हणाली. "मुलीच्या बापाला काय काय करावं लागतं. माझ्या जहेजातला समोवार उसना होता. लिहा पुढे."

नाहीदला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "एवढंच? आई, मला ते नकोच होते. धूळ किती बसते त्यांच्यावर!"

मोनव्वर पण हसली, लेकीला बरं वाटावं म्हणून. आतून तिला कुणीतरी लुटून नेल्यासारखं झालं होतं. ज्याच्यासाठी तिने शिराझला जाणारा ट्रक सोडला, ते एका चहाच्या घोटात संपलं! पण तिने मनाला समजावलं. आज कुणाला काही वाटत नाही. तेव्हा वाटलं असतं. तेव्हा आगाजान हयात होते, तेव्हा बाजार वेगळा होता. आपण केलं ते बरोबर केलं. एवढ्या समजुतीवर तिने दोन दिवस काढले.

गुरुवारी सकाळी सासूला आंघोळ घालायची असे. म्हातारी चौरंगावर बसलेली, डोक्याला साबणाचा फेस. बाहेर हमाल नाहीदचं सामान गाडीत चढवत होते, त्यांचा आरडाओरडा आत येत होता.

"ऐकलं मी," म्हातारी म्हणाली. "लिहिलंस म्हणे, नवे म्हणून."

"लिहिलं."

"आता लिहून काय मिळवलंस? मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मोनव्वरचा हात म्हाताऱ्या डोक्यावर थांबला. "काय कळलं होतं?"

"माझ्या आईकडे खरे होते ना. तुझे उचलले आणि हलके लागले. तळ बघितला तर चरे सगळे गोल गोल, एकाच बाजूने. वस्तू वर्षानुवर्षं कोनाड्यात सरकली तर चरे असे पडतात होय? दगडावर घासलेले होते ते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तेव्हाच हिशेब मिटला असता, आणि तू थोरलीसारखी वर मान करून चालायला लागली असतीस. थोरलीचे खरे होते. गेली की नाही घेऊन? म्हटलं, हिचं असं काहीतरी आपल्याकडे आहे, ही राहील." म्हातारी ते सांगत होती ते मुरंब्याची कृती सांगावी तसं. "आणि राहिलीस. वाईट झालं का काही? मला कोणी आंघोळ घातली असती?"

"हेदायत आला होता तेव्हा... वारतान..."

"वारतान त्या आठवड्यात गावातच नव्हता, पोरी."

मोनव्वर उठली. फेसाने भरलेले हात तसेच घेऊन ती अंगणात आली. हमालांसाठी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या होत्या, आणि पलीकडे गल्ली दिसत होती. एक सायकलवाला गेला. दोन बायका भाजी घेऊन गेल्या. कुणी तिला अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. ती एकोणपन्नास वर्षांची होती. वडील नव्हते, हेदायतचं घर सुनांनी भरलेलं होतं, आतल्या खोलीत नस्रोल्लाची सुई टोचायची वेळ होत आली होती. ओरडावं, काहीतरी फोडावं, असं तिच्या छातीत भरून आलं होतं, आणि फोडायला जवळ एक बादली तेवढी होती, प्लास्टिकची.

"मोनव्वर!" आतून हाक आली. मग जरा वेळाने, "साबण डोळ्यांत जातोय गं!" मग आवाज बदलला. "मोनव्वर? अगं, आहेस ना तू?"

तिने चांगला वेळ हाका मारू दिल्या. गाडी भरून झाली, हमालांनी दोर आवळला. मग ती आत गेली. तांब्याच्या घंगाळात तिने हात घातला. पाणी पार गार झालं होतं. तिने तसंच ओतलं.