तळहातावरचा पुडा

माझ्या दुकानात आले की मामा आधी बिस्किटाचा पुडा उचलत, तळहातावर दोनदा झेलत आणि म्हणत, "शेठ, हल्का झाला हो."

भाव तोच, कागद तोच, आत मात्र बिस्किटं कमी. ती कमी करणारी कंपनी कुठली कुठे, आणि गिऱ्हाइकांसमोर चोर ठरायचो मी! "मामा, पुडे मी भरत नाही," मी करवादायचो. ते गालातल्या गालात हसत आणि तोच पुडा विकत घेत. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. रोज पिडतात, आणि दिसली नाहीत की करमत नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं किराणा दुकान आणि समोरच मामांचा कुदळींचा छोटा कारखाना. आता तिथे कुलूप आहे. मामा मूळचे भोकरदनकडचे. त्यांचे आजोबा मेंढरं राखत. कोकरू उचललं की वजन सांगत म्हणे. तोच हात मामांकडे आलेला. भट्टीतून निघालेली कुदळ गार झाली की ते उचलून बघत. "बराबर," म्हणाले तरच ती पेटीत जाई. पेट्या बोटीने थेट आफ्रिकेला. तिकडची रानं आपल्या लोखंडाने खणली जातात, याचा त्यांना भारी तोरा होता.

मग सगळंच महागलं. भंगार, कोळसा, वीज. कामगारांनी पगार वाढवून मागितला, तो मामांनी दिला. "त्यांच्या घरी बी तुमच्याच दुकानातलं तेल जातं, शेठ." मग कुदळीचा भाव वाढवणं आलंच. तिकडच्या व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं, दुसऱ्या देशाचा माल स्वस्त पडतो. जुन्या भावात द्या, नाहीतर राम राम.

मामांचा मुलगा म्हणाला, "बाबा, पातं जरा पातळ करू. कोणाला कळून राह्यलं?"

"मला कळतं ना," मामा म्हणाले. "बिस्किटवाल्याला रोज शिव्या घालतो, अन् मी बी तेच करू?"

ऑर्डर हातची गेली. हळूहळू कामगार पांगले, भट्टी विझली.

"महागाई आपल्या घरातली, शेठ," ते एकदा म्हणाले, "अन् हरलो आपण तिकडं, परक्या बाजारात."

त्यानंतरही ते रोज येत, पण पुड्याला हात लावत नसत. मीच एकदा पुडा पुढे सरकवला. "बघा मामा, हल्का झालाय का."

"बघून काय करायचं आता?" ते म्हणाले आणि निघून गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची आमची कटकट संपली होती.

पुढे ते आजारी पडले, अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून तोच पुडा नेला. त्यांनी हात पुढे केला. पुडा ठेवताच तो हात खाली गेला, गादीला टेकला.

मामांचा चेहरा उजळला.

"शेठ, भरला की हो पुडा! बराबर हाय. म्हंजी महागाई उतरली. मंग आता तिकडची ऑर्डर येईल." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "जल्दी भट्टी पेटव."

मुलगा तोंड फिरवून खिडकीशी गेला.

ती आमची शेवटची भेट. त्याच आठवड्यात आलेल्या मालात पुडा आणखी बारीक झाला होता, आणि ते मला ठाऊक होतं.

"हो मामा," मी म्हणालो, "भरला."