मुरबाडचा अर्धा सेकंद

"ती सिस्टर बदलायला सांगू या," नाडकर्णी साहेब म्हणाले. "शुक्रवारी ट्रस्टबरोबर मीटिंग आहे, तिथेच विषय काढतो. एक ईसीजी पाठवायला बाईंनी किती वेळा बटण दाबलंय बघ. कॉम्प्युटर येत नाही त्यांना."

माझं डोकं तापलं. मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. खोट प्रोग्रॅममध्ये शोधायची सोडून माणसात शोधली की मला राग येतो.

"सर, मी आधी तिथे जाऊन येते," मी म्हणाले.

"जा. पण शुक्रवारच्या आत."

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या बाजूला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. तिथे हार्टचा डॉक्टर नव्हता. म्हणून आम्ही प्रोग्रॅम केला होता. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, दवाखान्यातून मुंबईच्या डॉक्टरांना दिसणार. पेशंट तिथेच ठेवायचा की कल्याणला हलवायचा, ते डॉक्टर टाइप करून कळवणार. फोनच्या लाइनचा भरवसा नव्हता, त्यामुळे सगळं सॅटेलाइटवरून. दवाखान्याच्या गच्चीवर त्यासाठी मोठी छत्री बसवली होती.

आदल्या आठवड्यात छातीत दुखणारा एक माणूस आला. कुंदा सिस्टरने ईसीजी काढला, 'पाठवा' दाबलं. स्क्रीन ढिम्म. पुन्हा दाबलं. पुन्हा. मुंबईत एकाच पेशंटचं नाव ओळीने उमटत गेलं, पूर्ण ईसीजी एकही नाही. शेवटी सिस्टरने कॉम्प्युटरचा नाद सोडला आणि पेशंटला जीपमध्ये घालून कल्याणला पाठवलं. माणूस वाचला. सिस्टरमुळे वाचला, आमच्यामुळे नव्हे.

मी एसटीने दवाखान्यात पोचले तेव्हा सिस्टर मलमपट्टी करत होत्या. आसपासच्या वाड्यांमधली माणसं डॉक्टर आहेत का हे न विचारता "सिस्टर हाय का?" एवढंच विचारत होती.

"तुमी पण मला बोलायलाच आल्या काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही हो. काय झालं ते बघायला आले."

"काय बघताय? दाबलं तर काय होतच नाय. मला वाटलं, नीट दाबलं गेलं नाय. तो घामाघूम झालेला, त्याची बायको माझा हात सोडत नाय. गप बसून राहू काय मी?" मग आवाज खाली गेला. "मला काढणार ना? खरं सांगा."

मला खोटं बोलवेना. "अजून ठरलेलं नाही," मी म्हणाले. "माझं माहेर इथून जवळच, किन्हवलीला. नुसती फेरी मारून जाणारी नाही मी."

"किन्हवलीची तू? मग आधी सांगायचं ना गो! बस, चहा टाकते."

चहा होईपर्यंत मी पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे पलीकडच्या मशीनला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते बघायचं. आमच्या ऑफिसात 'ओ' हाकेबरोबरच यायची. इथे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. सिग्नल वर सॅटेलाइटपर्यंत जाणार, खाली येणार, उत्तरही तसंच फिरून येणार. त्याला कोणाचा इलाज नाही.

अर्ध्या सेकंदाने काय बिघडतं? एकदा लागला तर काहीच नाही. पण आमचा प्रोग्रॅम ईसीजीचे बारीक तुकडे करायचा. एक तुकडा पाठवायचा, 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत थांबायचा, मग दुसरा. मध्येच बटण पुन्हा दाबलं की पुन्हा पहिल्या तुकड्यापासून सुरुवात. मिठासाठी एसटीने बाजारात जायचं, घरी यायचं, मग मिरचीसाठी पुन्हा स्टँडवर, तसं. बाजार शेजारीच असेल तर हा मूर्खपणा कळत नाही. आमच्या ऑफिसात बाजार शेजारीच होता.

साहेबांना हे तोंडी सांगून पटणार नव्हतं. परत आल्यावर मी अडगळीतलं एक जुनं मशीन काढलं. त्यात दोन नेटवर्क कार्डं घातली आणि ते डेमोच्या कॉम्प्युटरच्या आणि सर्व्हरच्या मध्ये जोडलं. त्याला एकच काम दिलं. जाणारं प्रत्येक पॅकेट पाव सेकंद अडवून सोडायचं, येणारंही तसंच. पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारं माहितीचं पुडकं. झालं मुरबाड तयार.

"सर, ईसीजी जरा पाठवून दाखवता?" मी विचारलं. मधल्या मशीनबद्दल मुद्दामच काही बोलले नाही.

"त्यात काय दाखवायचंय? एक क्लिक," म्हणत साहेबांनी बटण दाबलं.

स्क्रीन ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबलं. माऊस उचलून खालून पाहिला. मग दात ओठ खात दाबतच सुटले. "सर्व्हर बंद आहे का? कोणीतरी बघा रे!"

"सर्व्हर चालू आहे, सर. तुम्ही आत्ता मुरबाडला बसला आहात. आणि तुमच्यासमोर पेशंट नाही."

साहेबांनी माऊस बाजूला सारला. मग ते म्हणाले, "शुक्रवारी मी सांगतो त्यांना, चूक आमची आहे म्हणून." आणि खरंच तसं सांगितलं. मीटिंगमधून बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वडे खिलवले.

प्रोग्रॅम बदलला. सगळा ईसीजी एकाच गठ्ठ्यात जाऊ लागला. बटण एकदा दाबलं की बंद व्हायचं आणि मराठीत अक्षरं यायची, 'जातोय, थांबा.' आधी आमच्या मुरबाडवर चालवून पाहिला, मग खऱ्या मुरबाडला नेला. सिस्टरने दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरचाच ईसीजी पाठवला. त्याच्या छातीवरच्या तारा काढून होईपर्यंत मुंबईचं उत्तर आलं, 'नॉर्मल.'

सिस्टरने पदराने डोळे पुसले. ऑफिसातल्या मुरबाडची गोष्ट मी सांगितली होती, म्हणून मग त्यांनी हळूच विचारलं, "साहेबांनी पण दाबलं काय गो पुन्हा पुन्हा?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"मग त्यांना पाठवा ना ट्रेनिंगला!"

हा निरोप मी साहेबांना जसाच्या तसा दिला. त्या जुन्या मशीनवर 'मुरबाड' अशी चिठ्ठी लागली, आणि पुढे कुठलाही प्रोग्रॅम बाहेर जाण्याआधी साहेब स्वतः तो त्यातून चालवून बघायचे. डेमोच्या खोलीतून शिव्या ऐकू आल्या की आम्ही एकमेकांना सांगायचो, ट्रेनिंग चालू आहे.