खाडीचा गाळ

उमेरा गोव्यातल्या एका संस्थेत खाडीच्या तळाचा गाळ तपासते. त्यातले केसाएवढे किडे मोजण्यात चार वर्षं गेली, मान आखडली. संशोधन छापून येतं ते साहेबांच्या नावानं. रजेतही सुटका नाही, म्हणून गाळाच्या सहा बाटल्या घेऊनच ती वणीला घरी आली. घर कोळशाच्या खाणीजवळ. अम्मी दिवसातून तीनदा सगळं पुसते. दुपारी उमेराचा डोळा लागला. उठली तर सहाही बाटल्या अंगणात उपड्या, लख्ख.

"बाटल्यायच्या आत बी कोळशाची धूळ बसलती, बेटा. घासून टाकल्या."

उमेरानं एक रिकामी बाटली उचलून उजेडात धरली.

"कायले रडून राह्यली?"

"डोळ्यात कोळसा गेला."

वणीत एवढं सांगितलं की पुढं कोणी काही विचारत नाही. अम्मीनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि तिचे डोळेही पुसून दिले.